डाळी-उसळींनी हृदय सांभाळले जाते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहीत आहे. आहारसल्ल्याच्या कामात मला सतत विचारले जाते, की सामिष सोडून डाळी-कडधान्यांवर राहिल्यास हृदयविकार टळेल का. धोका कमी होऊ शकतो. मात्र डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनाबरोबर ताटात काय येते आणि त्याच्यामुळे ताटातून काय निघून जाते, यावर बरेचसे अवलंबून असते.

सोयाबीनचे पाहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये, संपृक्त स्निग्धांश (तूप-लोण्यासारखे थिजणारे मेद) कमी असलेल्या आहारात रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन घेतल्यास हृदयविकाराचा धोका घटू शकतो, असे वेष्टनावर छापण्यास मुभा दिली. २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने, नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसल्याने, ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणूनच महागड्या प्रथिनाच्या भुकटीपेक्षा मी वाटीभर उसळ सुचवते. २०१४ मध्ये २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात रोज साधारण १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्ये खाणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल सरासरी ५ टक्क्यांनी उतरलेले दिसले. कडधान्यांतील विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले (यकृतात बनणारी, स्निग्ध पदार्थ पचवणारी आम्ले) धरून शरीराबाहेर नेतात आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खर्चावे लागते.

अमेरिकेतील सुमारे १,३१,००० आरोग्यसेवकांच्या दीर्घ निरीक्षणात (२०१६) प्रक्रिया केलेल्या लाल मांसाऐवजी वनस्पतिजन्य प्रथिन घेण्याशी मृत्यूचा धोका बराच कमी असल्याचे आढळले. मासळीऐवजी वनस्पतिजन्य प्रथिन घेतल्यास मात्र हा फरक अगदी थोडा होता. निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही कोकण-गोव्यातल्या कुणाला हृदयासाठी बांगडा सोडा, असे मी सांगणार नाही.

मला खरी काळजी वाटते ती शाकाहारी घरांची. पातळ वरण आणि त्याखाली भाताचा ढीग, जोडीला तळलेले पापड आणि लोणचे, अशा ताटात प्रथिन थोडे आणि मीठ भरपूर असते. मिसळीतली मटकी उत्तमच. पण तिच्यावरची तर्री, फरसाण आणि सोबतचा पाव यांनी तिचा गुण झाकोळतो. वरण घट्ट करावे, भात निम्मा करावा आणि त्या जागी मोड आलेली मटकी, हुलगे किंवा चवळी वाढावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण त्यांच्यासाठी प्रथिन आणि पोटॅशियम दोन्हींची मर्यादा वेगळी असू शकते.