आमच्या नववीच्या वर्गात व्हिडिओवरून इंग्रजी ऐकण्याचा सराव: माझा अनुभव

मी सातपूरला मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आमची पोरं धडा वाचतात, ग्रामर पण करतात, पण समोरून कोणी इंग्रजीत बोललं की गप्प, कारण इंग्रजी कानावर पडतच नाही, पडतं ते माझंच आणि तेही निम्मं मराठीतून. म्हणून यंदा व्हिडिओ घेतले. शाळेतल्या नेटचा भरवसा नाही म्हणून घरूनच मोबाईलवर डाउनलोड करून नेते. आणि प्रोजेक्टर नसला तरी चालेल पण स्पीकर चांगला हवाच, मागच्या बाकापर्यंत आवाज नाही गेला तर सगळं वाया.

सुरुवात व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकेच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या जुन्या व्हिडिओंनी केली. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश, साधारण १५०० ठरावीक शब्दच वापरून बोलायचं हे त्यांनी १९५९ मध्येच सुरू केलं होतं. मग बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश. त्यात सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी, त्यामुळे पोरं कान देऊन बसतात.

पूर्ण व्हिडिओ मी लावतच नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, आधी नुसता आवाज, विषय काय वाटतो ते मराठीत सांगितलं तरी चालतं. मग चित्रासकट. मग जोडीने जेवढं ऐकू आलं तेवढं वहीत लिहायचं. सबटायटल सगळ्यात शेवटी, कारण ते आधी दिसले की पोरं वाचतात, ऐकत नाहीत. आपोआप येणारे सबटायटल कधीकधी चुकीचे असतात, ते घरी तपासून घ्या.

खरी अडचण वेगळीच निघाली. 'पिक इट अप' फळ्यावर लिहिलं तर सगळ्यांना येतं, पण व्हिडिओत ते 'पिकिटप' असं एका दमात येतं आणि कोणालाच कळत नाही. स्पीड ०.७५ केला तर शब्द ताणले जातात पण सुटे होत नाहीत. मग मी तेच सगळ्यांकडून मोठ्याने, त्याच वेगात म्हणवून घेतलं आणि परत लावलं, तेव्हा पटकन पकडलं! स्वतःच्या तोंडून आलेलं कानाला ओळखू येतं हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मॅचनंतरच्या कॅप्टनच्या मुलाखती लावतेय. विषय पोरांच्या ओळखीचा, त्यामुळे एखादा शब्द निसटला तरी अंदाजाने पुढे जातात, आणि एरवी तोंड न उघडणारी पोरं पण 'मॅडम, परत लावा ना' म्हणतात.