‘पेशंट पडला तर?’ : एथिक्स कमिटीची मंजुरी मिळवताना आलेला माझा अनुभव

मी कोल्हापुरात एमपीटी करते, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण; विषय न्यूरो, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचे आजार. पार्किन्सन्सच्या पेशंटना तोल सावरण्याचे व्यायाम ८ आठवडे नेमाने दिले तर किती फरक पडतो, हा माझ्या थिसिसचा विषय. विषय गाईडना पटला, सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) झालं, सायंटिफिक कमिटीतून पासही झालं. तिथवर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, ऑफिसात, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. कॉलेजचं नाव घालत नाही, पण पुढच्या बॅचला उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते.

कशावरून अडलं ते आधी सांगायला हवं. तोल मोजायला आमच्याकडे बर्ग बॅलन्स स्केल सर्रास वापरतात. १४ कृती, ५६ गुण. खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं, खाली पडलेली वस्तू उचलणं, स्वतःभोवती फिरणं. चाचणी चांगली आहे. पण तिच्यात पेशंट प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवून, तयारीने करतो. तोल अचानक गेला तर काय, हे ती तपासतच नाही, आणि पार्किन्सन्सचं खरं दुखणं तिथंच आहे. मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हालचाल मंदावते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याबरोबर आपोआप होणारी सावरासावरही बिघडते. महाद्वार रोडच्या गर्दीत धक्का लागला तर आपला पाय आपसूक पुढे पडतो. या पेशंटचा पाय उशिरा पडतो, आखूड पडतो, नाहीतर जागचा हलतच नाही. शिवाय आजार सौम्य असेल तर बर्गमध्ये पेशंट सुरुवातीलाच पन्नाशीच्या पुढे जातो. मग व्यायामाने सुधारणा झाली तरी ती आकड्यात दिसायची कुठे?

म्हणून मी मिनी-बेस्टेस्ट घेतली. तिच्यातही कृती १४, प्रत्येकीला ० ते २, एकूण गुण २८. त्यातल्या तीन कृती फक्त या सावरण्यासाठी आहेत. पेशंटने माझ्या तळहातांवर पुढे रेलायचं. अंग पुरेसं झुकलं की मी हात काढून घ्यायचे, आणि त्याने पाऊल टाकून स्वतःला सावरायचं. तसंच मागे, तसंच बाजूला. एका मोठ्या पावलात सावरला तर २, जास्त पावलं लागली तर १, पाऊलच पडलं नाही किंवा मला धरावं लागलं तर ०.

ऑफिसातल्या पहिल्या फेऱ्या कागदांतच गेल्या. एकदा एचओडींची सही प्रत्येक पानावर हवी म्हणून फाईल परत. ती करून आणली तर गाईडच्या बायोडेटावर तारीख नाही म्हणून परत. मग मराठी संमतीपत्राच्या खाली व्हर्जन नंबर नाही म्हणून परत. यातली एकही मागणी चुकीची नव्हती. पण हे सगळं एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी हातात देता आलं असतं. दर वेळी एकच त्रुटी सांगायची आणि ‘आता पुढच्या मीटिंगला’ म्हणायचं, ही कुठली पद्धत? एवढं करून फाईल मीटिंगला लागली, तर कोरम भरला नाही. किमान पाच सदस्य लागतात आणि त्यात वैद्यकीय क्षेत्राबाहेरचेही हवेत. आमच्या कमिटीवरचे वकील कोर्टात अडकले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून त्यांचं काम वाढलंय, हे मला कळतं. पण मीटिंगची तारीख त्यांना विचारून ठरवायला काय हरकत होती?

पुढच्या मीटिंगनंतर पत्र आलं. हात सोडण्याच्या कृतींमुळे पेशंट पडण्याचा धोका आहे, त्याऐवजी बर्ग वापरण्याचा विचार करावा. इथपर्यंतही ठीक होतं. पण पत्र घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरून तोंडी सांगण्यात आलं की ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र आणा : पेशंटला काही झालं तर सगळा खर्च विद्यार्थिनी करेल. मी म्हटलं, हे लेखी द्या. ‘मॅडम, लेखी कशाला? वरून सांगितलंय. आणलं तर फाईल पुढं सरकंल.’ त्या दिवशी मी दसरा चौकापर्यंत चालत आले, इतका संताप झाला होता. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशनचा खर्च किती येतो हे रोज वॉर्डात बघते मी. तो स्टायपेंडवर जगणाऱ्या मुलीने भरायचा, असं स्टॅम्पवर लिहून द्यायचं? आणि मी भरू शकले नाही तर पेशंटने कुणाकडे बघायचं?

लेखी दिल्याशिवाय असलं काहीही सही करून देऊ नका. मी दिलं नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढून बसले. विद्यार्थ्यांच्या किंवा संशोधकाने स्वतः सुरू केलेल्या संशोधनात प्रायोजकाची जबाबदारी संस्थेवर येते आणि संशोधनामुळे झालेल्या इजेवर उपचार मोफत मिळायला हवेत, हे त्यात आहे. ती पानं प्रिंट केली, ओळींवर पिवळा मार्कर मारला आणि गाईडच्या सहीच्या पत्राला जोडून इनवर्ड केली, म्हणजे ऑफिसच्या आवक नोंदीत चढवली. इनवर्ड नंबर आपल्या प्रतीवर घ्यायचाच, तोंडी बोलण्याला काही पुरावा नसतो. स्टॅम्प पेपरचा विषय त्यानंतर कुणीही काढला नाही.

या सगळ्यात वेळ जात होता आणि पार्किन्सन्स काही वाट बघत नाही. कागलकडचे एक आबा होते, एसटीत ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. ओपीडीत मी त्यांना माझ्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. त्यांच्या सुनेचा सारखा फोन यायचा, ‘ताई, कधी सुरू करणार? दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यागत होतंय त्यांचं.’ मंजुरीआधी मी त्यांना अभ्यासात घेऊ शकत नव्हते, आणि व्यायाम सुरू केले तर नंतर ते निकषात बसणार नव्हते. मी व्यायाम सुरू केले. फरशीवर रंगीत टेपच्या पट्ट्या चिकटवून दिल्या, प्रत्येक पट्टी ओलांडून चालायचं. डोळ्यासमोर अशी खूण असली की अडकलेला पाय सुटायला मदत होते. माझा एक पेशंट कमी झाला. परत तसंच करीन.

कमिटीने शेवटी मला समोर बोलावलं. एक सदस्य निवृत्त शिक्षिका होत्या, सामान्य नागरिक म्हणून घेतलेल्या. त्यांनी सरळ विचारलं, ‘बाळ, माझ्या वयाचं माणूस पडलं तर?’ इतक्या कागदांत हाच एक प्रश्न खरा होता, आणि तो पहिल्याच महिन्यात विचारायला हवा होता. मी सांगितलं : कमरेला हँडल असलेला गेट बेल्ट, मी समोर, दुसरा फिजिओ मागे, एका बाजूला भिंत. ज्यांना हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे किंवा अलीकडे फ्रॅक्चर झालंय ते अभ्यासात नाहीत. मग बर्ग का नको हेही सांगितलं. खासबागच्या मैदानात पैलवान ताठ उभा असताना त्याचा तोल कळत नाही, समोरच्याने टांग मारली आणि पाय टाकून तो सावरला की कळतो. हे ऐकल्यावर खोलीतली हवा बदलली. अध्यक्ष म्हणाले, करून दाखवा. माझा वर्गमित्र बाहेर बसला होता, त्याला आत बोलावलं. तो रेलला, मी हात काढले, त्याचं पाऊल पडलं. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मंजुरी मिळाली. अट एवढीच की दोन माणसं आणि बेल्ट असल्याशिवाय चाचणी नाही, आणि कुणी पडलं तर २४ तासांत लेखी कळवायचं. या अटी मला मनापासून मान्य आहेत.

त्या वर्गमित्राचा अभ्यास तालमीतल्या पोरांवर आहे, वाय बॅलन्स टेस्टचा. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर किती लांब जातो ते मोजायचं. त्याची फाईल पहिल्याच मीटिंगला पास झाली. तरणी पोरं आणि नुसतं मोजमाप, त्यामुळे प्रश्न कमी. तुमच्या अभ्यासात म्हातारी माणसं किंवा उपचार असतील तर त्याच्यासारखं वेळापत्रक आखू नका.

मंजुरीनंतर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते. पैसे पडत नाहीत, सगळं ऑनलाइन. शंका येतात, त्यांची उत्तरं द्यायची. पहिला पेशंट घेण्याची तारीख पुढची टाका, शंकासमाधान होईपर्यंत ती उलटून गेली तर बदलावी लागते. प्रत्येक चाचणी कोणत्या आठवड्यात घेणार तेही स्पष्ट लिहा. माझं काम इथे सुरळीत झालं.

आणखी एक, कमिटीपुढे जाण्याआधी हे प्रोटोकॉलमध्ये घाला : गोळी घेतल्यानंतर किती वेळाने चाचणी घेणार. लेव्होडोपाचा, म्हणजे या आजारावरच्या नेहमीच्या गोळीचा, असर असताना आणि उतरल्यावर तोच पेशंट वेगळा असतो, त्यामुळे आधीची आणि नंतरची चाचणी गोळीपासून सारख्याच अंतराने हवी. संमतीसुद्धा असर असतानाच घ्या. या आजारात अक्षर बारीक होत जातं, हात थरथरतो, आणि सही जमली नाही की शिकलेल्या माणसालाही ओशाळं वाटतं. अंगठा घ्यायची वेळ आली तर साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा लागतो, त्याची सोय आधी करून ठेवा. मी ओपीडीतल्या एका सिस्टरना विचारून ठेवलंय.