पोपचे आज्ञापत्र आणि पिएन्झाचा तडा

इटलीत डोंगरमाथ्यांवर वसलेली जुनी गावे शेकड्यांनी सापडतात, आणि त्यांतली बहुतेक कोणी व केव्हा उभी केली याचे सरळ उत्तर मिळत नाही. एट्रस्कन वस्ती, तिच्यावर रोमन, मग एखाद्या बिशपची गढी, मग एखाद्या सरदार घराण्याचे बुरूज, असे थर चढत गेलेले असतात. तोस्कानाच्या दक्षिणेला, व्हाल दोर्चा या ओर्चा नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलेले पिएन्झा याला अपवाद आहे. इथे काम सुरू झाल्याचे वर्ष माहीत आहे, स्थपतीचे नाव माहीत आहे, अंदाजपत्रक आणि झालेला खर्च यांतला फरक माहीत आहे, एवढेच काय, बांधकाम पुरे होते न होते तोच भिंतीला तडा गेला होता हेही माहीत आहे. हे सारे ज्याने गाव बांधून घेतले त्यानेच आपल्या लॅटिन आठवणींत, स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करत, लिहून ठेवले आहे.

त्याचे नाव एनिया सिल्व्हिओ पिकोलोमिनी. पिकोलोमिनी हे सिएना शहरातले वजनदार घराणे होते. पण तिथल्या राजकारणात उमरावांची सत्ता गेली आणि एनियाच्या वडिलांना कॉर्सिन्यानो (पुढचे पिएन्झा) या खेड्यातल्या जमिनीच्या आधाराने दिवस काढावे लागले. याच खेड्यात 1405 मध्ये एनियाचा जन्म झाला. एकूण अठरा भावंडे जन्मली आणि त्यांतली जगली ती मोजकीच. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो शिकायला सिएनाला गेला आणि पुढची कित्येक वर्षे कॉर्सिन्यानोशी त्याचा फारसा संबंध उरला नाही. बाझेलच्या धर्मपरिषदेत तो कारकून होता, पोपच्या विरोधात उभ्या केलेल्या प्रतिपोपचा चिटणीस होता, नंतर जर्मन राजा तिसरा फ्रेडरिक याच्या दरबारी होता, आणि त्याच राजाने 1442 मध्ये त्याला राजकवीचा मुकुट दिला. त्याने एक शृंगारिक कथा लिहिली, ती युरोपभर वाचली गेली. लग्नाविना मुलेही झाली. धर्मदीक्षा त्याने चाळिशी गाठल्यावर, 1446 मध्ये घेतली. तिथून मात्र गाडी इतक्या वेगाने सुटली की बारा वर्षांत बिशप, कार्डिनल आणि 1458 च्या ऑगस्टमध्ये थेट पोप. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातला नायक ‘पायस ईनियस’ (एनिया हे त्याच नावाचे इटालियन रूप) ज्याला ठाऊक होता अशा या माणसाने पोप म्हणून नाव घेतले तेही दुसरा पायस.

तुर्कांनी 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतल्याला तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती, आणि त्यांच्याविरुद्ध सगळ्या ख्रिस्ती राजांना एकत्र आणणे हा या पोपच्या कारकिर्दीचा एकमेव ध्यास होता. त्यासाठी मान्तुआ येथे भरवलेल्या परिषदेला जाताना 1459 च्या फेब्रुवारीत त्याचा लवाजमा कॉर्सिन्यानोला थांबला. आपल्या जन्मगावी आपल्याला आनंद होईल, बरोबरीचे सवंगडी भेटतील, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच्या पिढीतले बहुतेक लोक मेलेले होते. जे उरले होते त्यांतले कित्येक आजारपणाने आणि म्हातारपणाने घराबाहेर पडू शकत नव्हते, आणि जे समोर आले त्यांची तोंडे ओळखू येईनात. आपणही म्हातारे झालो आहोत हे पोपला तिथे पहिल्यांदा नीट दिसले, असे त्याच्या लिखाणावरून वाटते. गावात एक चर्च आणि एक राजवाडा बांधायचा, म्हणजे आपल्या जन्माची खूण मागे राहील, हा निर्णय त्याच मुक्कामातला आहे. पुढे जे काही घडले त्याचा मूळ हेतू ध्यानात ठेवायला हवा: संकल्पनेतले ‘आदर्श नगर’ वगैरे विशेषण त्याला नंतरच्या अभ्यासकांनी चिकटवले, सुरुवात झाली ती एका त्रेपन्न वर्षांच्या माणसाला वाटलेल्या भीतीतून.

काम सोपवले गेले फ्लॉरेन्सच्या बर्नार्डो रोसेल्लीनोकडे. शिल्पकार म्हणून त्याचे नाव झालेले होते, आणि फ्लॉरेन्समधल्या रुचेल्लाई वाड्याशीही त्याचे नाव जोडले जाते. पिएन्झाचा पिकोलोमिनी वाडा त्या वाड्याचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. जागा मात्र अवघड होती. कॉर्सिन्यानो एका अरुंद कण्यावर वसलेले, मधून एकच मुख्य रस्ता जाणारा, आणि दक्षिणेला जमीन एकदम खोऱ्यात उतरणारी. रोसेल्लीनोने रस्त्याच्या वळणापाशी एक चौक काढला आणि त्याच्या बाजू समांतर न ठेवता चर्चच्या दिशेने फाकवल्या. त्यामुळे चौक आहे त्याहून ऐसपैस वाटतो आणि चर्चच्या दोन्ही अंगांनी खोऱ्याचा तुकडा दिसत राहतो. विटांच्या फरसबंदीत पांढुरक्या ट्रॅव्हर्टिन दगडाच्या पट्ट्या घालून चौकोन आखले आहेत, आणि याच रेषांवर नजर ठेवून चौकाभोवतीच्या इमारती एकमेकींशी बांधल्या गेल्या आहेत.

चर्चच्या बाबतीत पोपने स्वतः हात घातला. ऑस्ट्रियात त्याने पाहिलेल्या चर्चमध्ये मधले आणि बाजूची दालने एकाच उंचीची असत, त्यामुळे आत प्रकाश सगळीकडे सारखा पडे. आपल्याला तसेच चर्च हवे, असा त्याचा हट्ट होता. त्या काळच्या तोस्कानात ही परकी गोष्ट होती. शिवाय, चर्चची वेदी पूर्वेकडे ठेवण्याचा प्रघात बाजूला सारून ती दक्षिणेला, म्हणजे खोऱ्याच्या आणि मोन्ते आमियाता या डोंगराच्या दिशेला नेली. इमारतीचा सर्वांत जड भाग त्यामुळे नेमका उताराच्या काठावर आला. वेदीच्या बाजूला खालच्या अंगाला आणखी एक लहान चर्च बांधून तो उतार भरून काढावा लागला.

पायाची हकीकत पोपने तपशिलाने दिली आहे. एकशे आठ फूट खणले तरी समाधानकारक खडक लागेना. जे दगड लागले ते तुटक होते आणि त्यांच्यामधून पाणी झिरपत होते. शेवटी एका शिळेपासून दुसऱ्या शिळेपर्यंत रुंद कमानी टाकून त्यांवर भिंती उचलल्या गेल्या. पण त्या शिळा डोंगराला घट्ट धरून आहेत की नाहीत याची पुरेशी खातरजमा झाली नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर वर वाळूच्या दगडाचा थर आहे आणि खाली चिकणमाती. पाणी पहिल्या थरातून उतरते आणि दुसऱ्यावर अडते, त्यामुळे कडेचा भाग हळूहळू खाली सरकतो. इमारत पुरी होते न होते तोच तळापासून वर छतापर्यंत एक तडा गेला. रोसेल्लीनोने त्याचे खापर चुन्यावर फोडले आणि पायाची काळजी करू नका असे सांगितले. पोपने हे मत नोंदवून पुढे एवढेच लिहिले आहे की काय ते काळच ठरवील. त्याच्या सगळ्या लिखाणात मला हे वाक्य सर्वांत प्रामाणिक वाटते.

खर्चाचा प्रसंग तर मुळातून वाचावा असाच. रोसेल्लीनोने अंदाज दिला होता अठरा हजार डुकॅटचा (डुकॅट म्हणजे सोन्याचे नाणे) आणि प्रत्यक्षात गेले पन्नास हजारांहून अधिक. दरबारी लोकांनी कान भरले होते: स्थपतीने फसवले, काम वाईट केले, पैसा उधळला. पोप आला, सगळे फिरून पाहिले आणि मग रोसेल्लीनोला बोलावणे धाडले. तो घाबरतच गेला. पोप त्याला म्हणाला, की तू आमच्याशी खोटे बोललास हे फार चांगले केलेस. खरा आकडा सांगितला असतास तर आम्ही एवढा पैसा कधीच घातला नसता आणि हा वाडा व हे चर्च उभेच राहिले नसते. ठरलेला मेहनताना चुकता केला, वर शंभर डुकॅट आणि एक किरमिजी झगा बक्षीस दिला, आणि स्थपतीच्या डोळ्यांतून आनंदाश्रू आले. बांधकामाचे अंदाजपत्रक फुगल्यावर मालकाने कंत्राटदाराला झगा दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

1462 चा ऑगस्ट आणि सप्टेंबर हे गावाच्या इतिहासातले सर्वांत गजबजलेले महिने. ऑगस्टमध्ये कॉर्सिन्यानोला शहराचा दर्जा आणि बिशपचे पीठ मिळाले. पोपच्या नावावरून त्याचे नाव पिएन्झा झाले, आणि 29 ऑगस्टला चर्चचा अभिषेक झाला. 16 सप्टेंबरला पोपने एक आज्ञापत्र काढले. या चर्चच्या भिंतींचा आणि खांबांचा पांढरेपणा कोणी बिघडवू नये, त्यांवर चित्रे काढू नयेत, फलक टांगू नयेत, नव्या वेद्या किंवा उपासनागृहे जोडू नयेत, वरच्या वा खालच्या चर्चचा आकार बदलू नये. जो हे मोडील तो शापित, आणि मृत्युशय्येवर असल्याखेरीज त्याला पोपशिवाय कोणीही क्षमा देऊ शकणार नाही. वेद्यांवरची चित्रे तेवढी सिएनाच्या चार नामवंत चित्रकारांकडून अगोदरच करून घेतलेली होती: सानो दि पिएत्रो, मात्तेओ दि जोव्हान्नी, जोव्हान्नी दि पाओलो आणि व्हेक्किएत्ता. ती आजही तिथेच आहेत.

हे कडक आज्ञापत्र निघाल्याला पाच दिवस झाले नाहीत तोच, 21 सप्टेंबरला, संत मॅथ्यूच्या सणाची जत्रा भरली. तिचे वर्णन पोपने ज्या मिटक्या मारत केले आहे त्यावरून तो राजकवी मेलेला नव्हता हे कळते. घोड्यांची शर्यत झाली, गाढवांची झाली, पुरुषांची झाली. शेवटी मुलांची शर्यत होती, बक्षीस एक हंस. मध्ये पावसाची सर येऊन गेल्याने वाटेत चिखल झाला होता. उघड्या अंगाने धावणारी पोरे घसरत होती, पडत होती, आणि चिखलाने इतकी माखली की आपला मुलगा कुठला हे आईबापांनाही कळेना. पोप वरच्या खिडकीतून, कार्डिनलांबरोबर राज्यकारभाराचे ऐकता ऐकता, हे पाहत हसत होता.

गाव म्हणजे नुसते चर्च आणि वाडा नव्हे, हे पोपला समजत होते. त्याने आपल्या कार्डिनलांना इथे घरे बांधायला लावले, आणि त्या काळी पोपची अशी इच्छा म्हणजे हुकूमच. चौकात बिशपचा जो वाडा आहे तो रॉद्रिगो बोर्जाने, म्हणजे पुढे सहावा अलेक्झांडर म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या पोपने, जुनी इमारत सुधारून बांधला. आम्मानाती आणि फ्रेंच कार्डिनल जूफ्र्वा यांचे वाडे मुख्य रस्त्यावर आहेत. बांधकामापायी ज्यांची घरे पाडली गेली त्या साध्या लोकांसाठी तटाजवळ एकसारख्या बारा घरांची ओळ बांधली गेली. पर्यटक त्या ओळीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला मात्र सगळ्या योजनेतला हाच भाग सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो.

मग 1464 उजाडले. तुर्कांवरच्या मोहिमेसाठी जहाजांची वाट पाहत पोप आन्कोना बंदरात आजारी पडला आणि 14 ऑगस्टला तिथेच वारला. मोहीमही त्याच्याबरोबर संपली. त्याच वर्षी रोसेल्लीनोही गेला. पिएन्झात येण्याचे आता कोणाही कार्डिनलला कारण उरले नाही. पाच वर्षांत जेवढे बांधून झाले होते तेवढ्यावर सगळे थांबले. पोपचा भाचा फ्रान्चेस्को, जो स्वतः 1503 मध्ये तिसरा पायस म्हणून निवडला गेला आणि सव्वीस दिवसांत वारला, त्याने मामाच्या स्मरणार्थ जे भव्य काम हाती घेतले ते सिएनाच्या कथीड्रलमधल्या ग्रंथालयाचे. मामाच्या चरित्रातले दहा प्रसंग पिंतुरिक्किओने तिथे रंगवले आहेत.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. सोळाव्या शतकात सिएनाच्या प्रजासत्ताकाची फ्लॉरेन्स आणि स्पेनशी झालेली लढाई या भागातून गेली. 1555 मध्ये सिएना पडले, 1559 मध्ये मोन्ताल्चीनोतला शेवटचा प्रतिकारही संपला, आणि सगळा मुलूख फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या राज्यात गेला. त्यानंतर पिएन्झा म्हणजे अर्धेलीने शेती करणाऱ्या कुळांच्या मुलखातले एक बाजाराचे गाव. पैसा नव्हता म्हणून कोणी जुने पाडून नवे बांधले नाही. पिकोलोमिनी वंशज मात्र वाड्यात 1962 पर्यंत राहत होते. युनेस्कोने 1996 मध्ये गावाला आणि 2004 मध्ये व्हाल दोर्चाला जागतिक वारसा ठरवले. आज गावाची वस्ती जेमतेम दोन हजारांची आणि मुख्य रस्त्यावर दर चार पावलांवर मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज विकणारे दुकान.

पिएन्झा जसेच्या तसे राहिले ते आज्ञापत्रामुळे, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. आज्ञापत्र एका इमारतीपुरते होते. बाकीचे गाव टिकले ते संस्थापक लवकर मेल्यामुळे आणि नंतर आलेल्या गरिबीमुळे. उलट ज्या इमारतीला शापाचे संरक्षण होते तीच सर्वांत जास्त बदलली आहे. वेदीमागचा भाग शतकानुशतके खचतो आहे, त्याला पुन्हा पुन्हा आधार द्यावे लागले आहेत. चर्चमध्ये वेदीकडे चालत गेले की जमीन उताराची आहे हे पायांना कळते, आणि भिंतींवरचे तडे उघड्या डोळ्यांनी दिसतात. ते वाढतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांवर मोजपट्ट्या बसवलेल्या आहेत. आकार बदलू नये ही आज्ञा माणसांनी बरीच पाळली, चिकणमातीने पाळली नाही.

पिएन्झाला जाणाऱ्यांनी गावाबाहेर उतारावरची कॉर्सिन्यानोची जुनी पिएवे, म्हणजे पूर्वीचे गावचर्च, चुकवू नये. तिचा घंटेचा बुरूज गोल आहे आणि दारावर दोन शेपट्यांची मत्स्यकन्या कोरलेली आहे. एनियाचा आणि त्याच्या भाच्याचा, अशा दोन्ही पायसांचा बाप्तिस्मा इथे झाला होता. पोपच्या आज्ञापत्रात या चर्चविषयी एक अक्षरही नाही.