कोराडीचा माणूस बर्घाइनच्या दारात

कोराडीच्या वीज केंद्रात सव्वीस वर्षं शिफ्ट केली. बंद पडलेलं वीज केंद्र बघायला खिशातले पैसे घालून बर्लिनला जाईन, असं कधी वाटलं नव्हतं. भाचा तिथे शिकून राहिला. म्हणाला, "मामाजी, चला तर खरं."

बर्घाइन म्हणजे बर्लिनमधला नाइट क्लब. त्याची इमारत १९५३-५४ची. पूर्व जर्मनीने कार्ल-मार्क्स-आले या रस्त्यावरच्या (तेव्हाचं स्टालिनआले) नव्या घरांना ऊब पुरवायला हे केंद्र बांधलं. २००४पासून तिथे टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं ठेक्याचं नाचगाणं, वाजतं. आपल्याकडे नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचं मॉलच्या पाटीवर नाव तेवढं उरलं. यांनी भिंतीसुद्धा ठेवल्या.

शनिवारी मध्यरात्री सुरू झालेली रात्र सोमवारी सकाळपर्यंत चालते. म्हणून शनिवारी रांगेत कुडकुडू नका. आम्ही शनिवारी लवकर झोपलो आणि रविवारी सकाळी पोटभर नाश्ता करून गेलो. ओस्टबानहोफ स्टेशनवर उतरलं की पायी जवळ आहे. पासपोर्ट आणि रोख युरो सोबत ठेवा, कार्डाच्या भरवशावर राहू नका.

दारावर बऱ्याच जणांना परत पाठवतात आणि कारण सांगत नाहीत. दोघं-तिघंच जा. माझा चौकडीचा शर्ट बघून भाच्याने कपाळाला हात लावला आणि स्वतःचा काळा टीशर्ट दिला. पोटावर ताणला होता, पण चालला. "अन् रांगेत मोठ्यानं बोलू नका." हे आम्हा नागपूरकरांना सर्वांत कठीण! दारावरच्याने दोन सेकंद पाहिलं, मान हलवली. फोनच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर लावले. ते काढून फोटो घेतलात तर बाहेर.

लोखंडी जिना चढलो. वर अठरा मीटर उंच हॉल, उघडं काँक्रीट. उंचीचं मला अप्रूप नाही, पण आवाज! बेस कानात नाही, तळव्यांतून वर चढतो. टर्बाइन फ्लोअरवर हाडं झिणझिणतात ना, तसं. फरक एवढाच, तिथे कंपनं वाढली की आम्ही धावत सुटतो, इथे लोक हात वर करतात. कानात बोळे घालाच.

त्याच्याही वर पॅनोरमा बार, हा नाचायचा दुसरा हॉल. खिडक्यांना झडपा. गाणं टिपेला पोचलं आणि कोणीतरी त्या क्षणभर उघडल्या. उन्हाचे पट्टे धुरात आडवे पडले, सगळे ओरडले, पुन्हा अंधार. दुपारचे दोन वाजले असतील. मीही ओरडलो, भाचा बघतच राहिला.

आतला मोकळेपणा बेताचा नाही. सासू-सासऱ्यांना घेऊन जायची जागा नव्हे. आइस्क्रीम मात्र मिळतं.

दारावरून परत फिरवलं तर हिरमुसू नका. क्योपेनिकर श्ट्रासेवर ट्रेझोर आहे. १९९१ साली एका जुन्या दुकानाच्या तिजोरीघरात सुरू झालेला हा क्लब २००७पासून तिथे आहे. तेही जुनं वीज केंद्रच.