वरणाचे पाणी नको, वरण द्या

"ताई, बाळाला सहा महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी वरचे अन्न सुरू करायला सांगितले आहे. दुकानातले डबे महिन्याला दोन-तीन तरी लागतात आणि ते आम्हाला परवडत नाहीत. त्याऐवजी स्वस्तातले काय आणू?" सातारा जिल्ह्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून अठ्ठावीस वर्षे नोकरी केली, त्या काळात हा प्रश्न मला किती आयांनी विचारला असेल याची गणती नाही. निवृत्तीनंतरही तो थांबलेला नाही. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, किराणा दुकानाच्या पायरीवर कोणीतरी कडेवरच्या बाळासह पुढे येते आणि तेच विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते आहे, कारण उभ्याउभ्या दिलेले उत्तर नेहमी अर्धेच राहते.

माझे उत्तर असे की निराळे काही आणू नका. घरात सगळ्यांसाठी जे शिजते, त्यातला बाळाचा वाटा तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढा, तो घट्ट ठेवा, त्यात चमचाभर तेल किंवा तूप घाला आणि दिवसातून पुरेशा वेळा भरवा. बाळ अशक्त राहते ते अन्न स्वस्त असल्यामुळे नव्हे; बहुतेक वेळा ते पातळ असते आणि कमी वेळा दिले जाते, म्हणून.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, माझ्या थोरल्या मुलीमुळे शिकले. तिचे उष्टावण थाटात झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिला वरणाचे पाणी, भाताची पेज आणि सफरचंद उकळलेले पाणी द्यायला लागलो. डाळीचा सगळा कस पाण्यात उतरतो, असे घरात सगळेच मानत होते आणि मीही मानत होते. आठव्या आणि नवव्या महिन्यात तिचे वजन तसूभरही वाढले नाही. दुसऱ्यांच्या मुलांच्या वजनाचे तक्ते मी रोज तपासत होते आणि माझ्या मुलीची रेघ आडवी चालली होती. तेव्हा एका अंगणवाडीतल्या वयस्क मदतनीस बाईंनी मला तिची वाटी आणायला सांगितली. त्यांनी चमचा वाटीत बुडवला, वर काढला आणि तिरका केला. सगळे वाहून गेले. "बाई, हे पाणी झालं. हिचं जेवण कुठं आहे?" एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या डब्यातला मऊ भात आणि घट्ट वरण बोटांनी कुस्करले आणि तोच चमचा पुन्हा तिरका केला. घास चमच्यावर तसाच राहिला. पुढे प्रत्येक माता-बैठकीत मी हाच चमचा तिरका करून दाखवत आले.

त्यामागचे कारण साधे आहे. आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर 240 मिलिलिटर, म्हणजे पाव लिटरहूनही थोडे कमी, मावते. ते पोट पाण्याने भरले की बाळ तोंड फिरवते आणि आपण म्हणतो की त्याचे पोट भरले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे 300 आणि वर्ष ते दोन वर्षे या वयात सुमारे 550. एका लहान चमचाभर तेलात किंवा तुपात जवळजवळ 45 कॅलरी असतात. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या गरजेचा पाचवा हिस्सा तेवढ्या एका चमच्यात येतो. तूप महाग असेल तर घरातले शेंगदाण्याचे तेल चालते. "तेलाने खोकला होईल" ही भीती मनातून काढून टाका.

आता घट्ट अन्न बाळाला गिळता येत नाही अशी अडचण खरोखरच येते, विशेषतः नाचणीच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या खिरीत. पीठ वाढवले की खीर गोळा होते आणि सैल करायला पाणी घातले की पुन्हा तीच वरणाच्या पाण्याची गत. यावरचा उपाय आपल्या आज्यांना माहीत होता. नाचणी रात्रभर भिजवावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी, दीड-एक दिवसात पांढरे बारीक मोड दिसले की सावलीत खडखडीत वाळवावी, अगदी हलकी गरम करावी आणि दळून चाळून घ्यावी. दुकानात ज्याला नाचणी सत्त्व म्हणून भरपूर पैसे मोजावे लागतात ते हेच पीठ. मोड आल्याने धान्यात एक पाचक द्रव्य तयार होते आणि ते पिष्टाचा चिकटपणा तोडते. साध्या पिठाची खीर चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवा, खाली उतरवून वाफ थोडी जाऊ द्या, मग त्यात चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत डोळ्यांदेखत तो गोळा सैल होतो, चमच्यावरून धार लागेल इतका, आणि पाण्याचा एक थेंबही वर घालावा लागत नाही. मग पुन्हा एक उकळी आणून कोमट झाल्यावर भरवावी. या एकाच खिरीला तिरक्या चमच्याचा नियम लावू नका, कारण ती सैल झाली तरी पिठाचा सगळा कस तिच्यात असतो. बैठकीत हा प्रयोग दाखवला की मागे बसलेल्या सासवाही उठून पातेल्यापाशी येत असत. शिवाय 100 ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या दुधातल्या कॅल्शियमच्या ते अडीचपटीहून अधिक आहे.

पैशांचा हिशेब तुम्ही नेहमी विचारता, म्हणून गेल्या आठवड्यात मी आमच्या गावच्या दुकानात मुद्दाम भाव विचारले. एका किलो नाचणीला साधारण पन्नास रुपये, अर्धा किलो मुगाच्या डाळीला साठ, अर्धा किलो शेंगदाण्यांना सत्तर-पंचाहत्तर आणि डझनभर अंड्यांना नव्वदच्या आसपास. हे सगळे मिळून एका मध्यम डब्याच्या किमतीत बसते, आणि डबा आठ-दहा दिवसांत संपतो. पण माझ्या मते खरी गळती डब्यांत नाहीच, ती पाच रुपयांच्या पुड्यात आहे. रडणाऱ्या मुलाला दिवसाला बिस्किटांचे दोन पुडे दिले तर महिन्याचे तीनशे रुपये होतात. त्या पुड्यात प्रामुख्याने मैदा, साखर आणि पाम तेल असते. तेवढ्याच पैशांत रोज एक अंडे आणि वर अधूनमधून केळे येते. दिवसाला एवढे पैसे हातात असलेले घर माझ्याकडे "पौष्टिक देणे परवडत नाही" म्हणून येते, तेव्हा मला वाईट वाटते, कारण ते पैसे कुठे जातात हे त्या आईला कोणी सांगितलेलेच नसते. बिस्किटाबरोबर चहा असेल तर नुकसान दुप्पट. चहातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही.

लोहाविषयी जरा थांबून सांगायला हवे. बाळ जन्मताना आईकडून लोहाची जी शिदोरी घेऊन येते ती साधारण सहा महिने पुरते, आणि आईच्या दुधात लोह फार थोडे असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर तीन मुलांमागे दोन मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. गुळाने रक्त वाढते या समजुतीवर विसंबू नका. गूळ ही अखेर साखरच आहे. मांसाहार चालत असेल तर कोंबडीची कलेजी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू आहे. नीट शिजवून आठवड्यातून एकदा भातात कुस्करून थोडीशी द्यावी. अंडे पूर्ण उकडून सहा महिन्यांनंतर पिवळ्या बलकासह देता येते. शाकाहारी घरात मोडाची मटकी किंवा मूग मऊ शिजवून, शेवग्याचा किंवा राजगिऱ्याचा पाला वरणात घोटून, वरून लिंबाचे दोन थेंब पिळून द्यावे. लिंबामुळे पाल्यातले आणि कडधान्यातले लोह अंगी लागते. आणि ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातून सहा महिन्यांवरच्या बाळांसाठी लोहाच्या औषधाची बाटली मोफत मिळते. आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर एवढीच मात्रा असते. ती आशाताईंकडून मागून घ्या. शौचाचा रंग काळपट झाला म्हणून औषध बंद करू नका.

डब्यांविषयी आणखी एक. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आहाराची जाहिरात करण्यास आपल्याकडे 1992 च्या कायद्याने, आणि 2003 मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने, बंदी आहे. तरीही "शेजारची देते" म्हणून डबा घरात येतोच. मोठ्या मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचेही तसेच आहे. 2024 साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचा प्रकारच नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट आणि खारकेची पूड दुधात घातली तर त्यांची उणीव भासणार नाही. शेंगदाणे मात्र बुरशी लागलेले किंवा कडवट नकोत, आणि अख्खा दाणा लहान मुलाच्या हातात कधीही नको, तो श्वासनलिकेत अडकतो.

इथवर सांगितलेल्या सगळ्याला पैसे थोडे लागतात. वेळ मात्र लागतो, आणि मजुरीला जाणाऱ्या आईकडे तोच नसतो. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा आणि मधे एखादे खाणे, असे भरवायचे म्हणजे दिवसाचे दोन-अडीच तास जातात. सकाळी नऊला भांगलणीला गेलेली बाई सहाला परतते, तोवर बाळ आजीपाशी किंवा सात वर्षांच्या ताईपाशी असते. म्हणून मी अशा घरांत सातूच्या पिठाच्या धर्तीवर एक पीठ करून ठेवायला सांगत असे. तीन वाट्या तांदूळ किंवा गहू, एक वाटी मुगाची डाळ, निरनिराळे खमंग भाजून दळून डब्यात भरावे. शेंगदाण्याचे कूट त्यात आधी मिसळू नये, ते खवट होते. आयत्या वेळी चमचाभर घालावे. आजीने फक्त पाण्यात पीठ कालवून दोन-चार उकळ्या आणायच्या. अंगणवाडीतून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, तोही बाळाच्याच वाटीत जाऊ द्या. पुष्कळ घरांत मी तो सगळ्यांत वाटला गेलेला किंवा शेळीपुढे ठेवलेला पाहिला आहे.

बाळाची वाटी वेगळी हवी, हे मी आग्रहाने सांगते. मोठ्या ताटात सगळी भावंडे जेवतात तेव्हा धाकट्याने नक्की किती खाल्ले हे कोणालाच ठाऊक नसते. वाटी वेगळी असली की अर्धी उरली की संपली ते दिसते. नवी चव आठ-दहा वेळा दिल्याशिवाय मूल ती स्वीकारत नाही, म्हणून पहिल्या दिवशी भोपळा थुंकला तर "याला भोपळा आवडत नाही" असा शिक्का मारू नये. नाक दाबून भरवू नये. मोबाइल दाखवूनही भरवू नये, कारण मग पोट कधी भरले हे त्या जिवालाच कळत नाही.

बाकी थोडक्यात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर दोन वर्षे आणि पुढेही अंगावरचे दूध चालू ठेवावे. वर्षाच्या आत मध देऊ नये, गुटीतूनही नाही. त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते. वर्षापर्यंत वरून मीठ-साखर नको. दूध बाटलीने पाजू नये, वाटी-चमचा किंवा जुने बोंडले बरे. ते स्वच्छ करणे सोपे जाते. जुलाब लागले तरी पोट रिकामे ठेवू नये, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणे जास्त द्यावे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या, आणि सलग दोन महिने वजन वाढले नाही तर माझ्यासारखी वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

परवा थांब्यावर भेटलेल्या मुलीने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते ठीक आहे ताई, पण उद्या सकाळी काय देऊ?" तिला सांगितले ते इथेही लिहिते. दोन मुठी तांदूळ आणि एक मूठ मुगाची डाळ धुऊन, त्यात लाल भोपळ्याची एक फोड आणि चिमूटभर हळद घालून, कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त करा. बाळाच्या वाटीत काढून पळीने घोटा, चमचाभर तेल किंवा तूप घाला आणि चमचा तिरका करून बघा. उरलेल्या खिचडीला लसणीची फोडणी आणि तिखट-मीठ घालून तुम्ही दोघे जेवा.