पहिल्या वर्गाचं पाणी

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सला, म्हणजे तिथल्या जुन्या सार्वजनिक स्नानगृहाला, तीन दरवाजे आहेत. कुणी कुठून शिरायचं ते वर कोरलंय: पुरुष पहिला वर्ग, पुरुष दुसरा वर्ग आणि बायका. बायकांत वर्ग नाही म्हणून आई खूश झाली. "बरंय की, सगळ्या सारख्याच!" पाण्याची गोष्ट तिला अजून कळायची होती.

करी माइलवरून, म्हणजे देशी खाणावळींच्या रस्त्यावरून, चालत जाण्याइतकं जवळ, तरी आम्ही कधी गेलो नव्हतो. आई मुंबईहून आली आणि मुहूर्त लागला. १९०६ साली म्युनिसिपालिटीने हे उघडलं. घरात न्हाणीघर नसलेल्या कष्टकऱ्यांनी यावं, आंघोळ करावी, पोहावं. हिरव्या टाइल्स, मोझॅकची जमीन, रंगीत काचा. सरकारी इमारतीवर एवढा जीव ओतलेला बघून मला तर हेवाच वाटला.

आता पाणी. विहिरीचं ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात. तिथं वापरून झालं की तेच दुसऱ्या वर्गात. आणि सगळ्यात शेवटी बायकांकडे.

"म्हणजे पंगतच की गं," आई म्हणाली, "पुरुषांची उठली की मग आपण बसायचं."

मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. इंग्लंडमध्ये ही सार्वजनिक स्नानगृहं रुजली त्यामागे एक कपडे धुणारी बाई होती. लिव्हरपूलची किटी विल्किन्सन. १८३२च्या कॉलऱ्यात गल्लीत पाणी तापवायचा बॉयलर काय तो तिच्याकडे. तिने शेजाऱ्यांना रोग्यांचे कपडे, अंथरुणं तिथे धुवायला दिली. १८४२मध्ये त्याच शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुणीघर निघालं, १८४६मध्ये कायदा झाला, नगरपालिकांना अशी घरं बांधायची मुभा मिळाली. आणि साठ वर्षांनी या राजवाड्यात बायकांच्या वाट्याला दोनदा वापरलेलं पाणी!

पोहण्याच्या तलावांचे फोटो सगळे काढतात. (मीही काढले.) आईला मात्र टबाच्या खोल्यांत रस होता. अशा स्नानगृहांत बऱ्याचदा नळाची चावी बाहेरच्या नोकराकडे असायची, गरम पाणी हवं तर आतून ओरडायचं, असं मी सांगितलं. लालबागच्या चाळीत वाढलेल्या बाईला यात काही नवल वाटलं नाही. "आमचंही पाणी बाहेरचाच माणूस सोडायचा. ओरडून काही उपयोग नव्हता एवढंच."

१९९३मध्ये हे बंद पडलं. आसपासच्या लोकांनी पिच्छा सोडला नाही, २००३मध्ये बीबीसीच्या 'रिस्टोरेशन' या जुन्या इमारती वाचवण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी याला जिंकवलं, तेव्हापासून तुकड्यातुकड्याने दुरुस्ती चालू आहे.

बाहेर पडताना आईने विचारलं, इथल्या थंडीत धुणं वाळायचं कसं? मी म्हटलं, धुणीघरांत गरम हवेची कपाटं असायची, दांड्या बाहेर ओढायच्या, कपडे टाकायचे, परत आत ढकलायच्या.

"जुलैत लालबागला एक द्यायला हवं होतं," ती म्हणाली. "तुझी दुपटी मी तव्यावर वाळवलीयत."