लाम्ब्राकिस खटला, दोन अंक: नाटक बसलं, टेम्पो अजून बसत नाही

राज्य नाट्य स्पर्धेसाठी ग्रीसमधल्या लाम्ब्राकिस खून प्रकरणावर नाटक करायचं ठरलं, एवढंच मागच्या नोंदीत सांगितलं होतं. आता दोन्ही अंक कागदावर आहेत, पहिल्या अंकाचं ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कसं हलणार) झालंय. संहिता प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे गेली की शब्दांत फार फिरवाफिरव करता येत नाही, म्हणून त्याआधी काय ठरलं आणि काय अडलंय ते लिहून काढतो. राज्य नाट्यला राजकीय थरार घेऊन उतरायचा विचार असणाऱ्यांना उपयोग होईल.

नव्या मंडळींसाठी घटना थोडक्यात. २२ मे १९६३, ग्रीसमधलं थेस्सालोनिकी शहर. ग्रिगोरिस लाम्ब्राकिस हे ५१ वर्षांचे खासदार, पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या संध्याकाळी त्यांनी शांतता चळवळीच्या सभेत भाषण केलं. बाहेर उजव्या गटांची माणसं दगडफेक करत होती आणि पोलीस भरपूर असूनही हाताची घडी घालून उभे होते. सभा संपवून लाम्ब्राकिस रस्त्यावर आले, तेवढ्यात एक तीनचाकी मालवाहू टेम्पो अंगावर आला आणि टेम्पोच्या मागच्या भागात उभ्या असलेल्या माणसाने त्यांच्या डोक्यात दांडका घातला. ते शुद्धीवर आलेच नाहीत, २७ मे रोजी गेले. पोलिसांनी सांगितलं, वाहन अपघात.

हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मानोलिस हात्झिआपोस्तोलु नावाचा एक गडी चालत्या टेम्पोवर चढला आणि मागच्या माणसाशी भिडला. टेम्पो थांबला. चालवणारा स्पिरोस गोत्झामानिस सापडला, मग दांडकेवाला इमानुइलिदिसही.

आता नाटकाची गोम इथेच आहे. आपल्याकडे थरारनाट्य म्हटलं की ‘खुनी कोण’ हे शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवायचं. इथे खुनी पहिल्या दहा मिनिटांत हातात येतात, तेही भर रस्त्यात, शेकडो लोकांसमोर. मग प्रेक्षकाने पुढचे दोन तास का बसायचं? दुसरा खर्डा होईपर्यंत आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं. उत्तर असं निघालं की प्रश्न ‘कोणी मारलं’ हा नाहीच, चौकशी किती वरपर्यंत चढू देतील हा आहे. हे एकदा ठरल्यावर अर्धे प्रवेश आपोआप गळून पडले. सभेचं भाषण गेलं, इस्पितळ गेलं, अंत्ययात्रा गेली. अथेन्समधल्या त्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले होते. आमच्याकडे गर्दी म्हणून आठ जण आहेत, त्यातले दोघे लाइट्सवर.

लाम्ब्राकिसची भूमिका करणारे आमचे ज्येष्ठ नट यामुळे जरा नाराज झाले. मुख्य भूमिका म्हणून घेतली आणि दहाव्या मिनिटाला एक्झिट! पण त्यांना एक गोष्ट आवडली, ती आम्ही ठेवली. लाम्ब्राकिस तरुणपणी लांब उडीचे खेळाडू होते, बाल्कन स्पर्धांत विजेते ठरलेले, आणि त्यांचा राष्ट्रीय विक्रम तब्बल २३ वर्षं टिकला. १९६३ च्याच एप्रिलमध्ये मॅरेथॉन ते अथेन्स शांतता पदयात्रेवर बंदी आली तेव्हा खासदारकीच्या संरक्षणाच्या बळावर ते एकटेच फलक घेऊन चालले. एन्ट्री तीच: रिकामा रंगमंच, फलक धरलेला एक माणूस, खेळाडूची चाल. संवाद नाही. पन्नाशीतल्या आमच्या नटाने त्या चालीसाठी सकाळी मैदानावर फेऱ्या सुरू केल्यात, त्यामुळे घरचेही खूश आहेत.

खरं नाटक आहे तपास न्यायाधीशाच्या खोलीत. ही पद्धत आपल्या प्रेक्षकाला ठाऊक नाही, त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट करावी लागते. आपल्याकडे तपास पोलीस करतात आणि न्यायाधीश निकाल देतो. ग्रीसमध्ये गंभीर गुन्ह्यात एक न्यायाधीश स्वतः साक्षीदारांना बोलावून, प्रश्न विचारून पुरावे गोळा करतो आणि निकाल देणारे न्यायाधीश वेगळे असतात. म्हणजे ज्या पोलिसांनी ‘अपघात’ म्हटलं, त्यांच्याच मदतीने पोलिसांविरुद्ध तपास करायचा. हे काम आलं ख्रिस्तोस सार्त्झेताकिस या ३४ वर्षांच्या माणसाकडे. हट्टी, नियमावर बोट ठेवणारा, राजकारणाशी घेणंदेणं नसलेला. आमच्या पोराने आधी तो तडफदार केला होता, टेबलावर हात आपटून वगैरे. दिग्दर्शकाने सगळं काढून घेतलं. आता तो फक्त विचारतो आणि थांबतो.

त्या खोलीत तिसरं पात्र आहे, साक्ष टाइप करणारा लेखनिक. हा पूर्ण आमचा, इतिहासातला कुणी नाही. बंद पडलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधून जुनं यंत्र मिळालं, अक्षरं मराठीच, पण तिसऱ्या रांगेपुढे कुणाला दिसणार आहे! ओळ संपत आली की त्याची घंटी वाजते. तालमीत सहज लक्षात आलं की घंटी वाजली की साक्षीदार गप्प होतो आणि लेखनिकाने यंत्राची गाडी मागे सारेपर्यंत थांबतो. त्या दोन सेकंदांत माणसाचा चेहरा बघा. आता घंटी कुठे वाजणार ते संहितेत लिहिलंय. लेखनिक करणारी मुलगी दिवसा वकिलाच्या ऑफिसात काम करते, कार्बन लावताना कागद ठोकून सरळ करायची तिची सवय तशीच ठेवली.

या खोलीतला सगळ्यात भक्कम प्रवेश गोत्झामानिसचा झालाय. त्याला राक्षस केला असता तर सोपं होतं. पण सभेबाहेर दगडफेक करणारे हे उजवे गट नीट पाहिले तर चित्र वेगळं दिसतं. त्यांचा म्होरक्या क्सेनोफोन योसमास, जर्मन ताब्याच्या काळात नाझींशी हातमिळवणी केलेला. पण खालची माणसं म्हणजे हमाल, फेरीवाले, टेम्पोवाले. कुणाला परवाना हवा, कुणाला किरकोळ गुन्ह्यात सोडवून हवं. त्याच्या बदल्यात पोलीस सांगतील तिथे जायचं, ओरडायचं, दगड मारायचे. प्रवेशात न्यायाधीश खुनाबद्दल विचारतच नाही. विचारतो टेम्पोबद्दल: परवाना कसा मिळाला, कुणी सांगितलं, कागद कुठल्या टेबलावरून आला. टेम्पोवाला खुशीत उत्तरं देतो, ओळखीपाळखी सांगतो, मोठेपणा मिरवतो. घंटी वाजते. आणि मग त्याला कळतं की आपण काय बोलून बसलो. पहिल्या वाचनात इथे हशा आला होता, नंतर एकदम शांतता. तोच अंकाचा पडदा.

परवान्याचा हा संवाद आमच्या कल्पनेतला आहे, खटल्याच्या कागदातला नाही. जाहिरातीत ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहायचं की नाही यावर म्हणूनच अजून खल चालू आहे. याच प्रकरणावर ‘झेड’ (Z) ही कादंबरी आणि त्याच नावाचा गाजलेला सिनेमा आहे, बहुतेकांना माहीतच असेल. आम्ही नियम केला की तालमी संपेपर्यंत कुणी तो पुन्हा बघायचा नाही, त्यातली एकही युक्ती घ्यायची नाही.

नेपथ्य साधं: पाच पायऱ्या. न्यायाधीशाचं टेबल सगळ्यात खाली. साक्षीदार जसा हुद्द्याने मोठा, तशी त्याची पायरी वर. टेम्पोवाला जमिनीवर, पोलीस अधिकारी तिसऱ्या-चौथ्यावर. वरून बोलणाऱ्याला खाली बघून उत्तर द्यावं लागतं आणि विचारणारा मान वर करून विचारतो. सार्त्झेताकिसने १९६३ संपायच्या आत उत्तर ग्रीसच्या पोलिसांचे जनरल मित्सू आणि शहराचे पोलीसप्रमुख कामुत्सिस यांच्यावर आरोप ठेवले. म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत तो खरंच पोचला.

पाचवीवरून आमच्यात वाजलं. दोघांचं म्हणणं, तिथे पंतप्रधान बसवा, नाहीतर राजवाडा, म्हणजे तेव्हाचं राजघराणं. माझा विरोध होता आणि आहे. पंतप्रधान करामानलिस यांनी जूनमध्ये राजीनामा दिला, तो राजवाड्याशी बिनसल्यामुळे. खुनाचा हुकूम त्यांनी दिल्याचं कधी सिद्ध झालं नाही. उलट ‘या देशावर राज्य कोण करतंय?’ असं तेच म्हणाल्याचं सांगतात. लपवाछपवीवर नाटक करायचं आणि आपणच पुरावा नसताना खुर्चीवर माणूस बसवायचा, हे मला पटत नाही. शेवटी पाचवी पायरी रिकामी ठेवायची ठरलं, तिच्यावर प्रकाशही नाही. दोघांपैकी एकाला पटलं, दुसरा अजून घुश्शात आहे, पण तालमीला वेळेवर येतो.

पत्रकारांचा भाग आटोपशीर ठेवला. व्हुलतेप्सिस, बेर्त्सोस आणि रोमायोस हे तीन वेगवेगळ्या वृत्तपत्रांचे बातमीदार साक्षीदार शोधत फिरले, हे खरं तर वेगळ्या नाटकाचं ऐवज आहे. आमच्याकडे त्यांचे तीन आवाज विंगेतून येतात. नावं उच्चारताना आमची बोबडी वळते, म्हणून रंगमंचावर सगळे हुद्द्यानेच ओळखले जातात.

शेवटाचा घोळ मिटत नव्हता. इतिहास इतका नाट्यपूर्ण की लेखकाने लिहिला असता तर परीक्षकांनी गुण कापले असते. १९६६ च्या अखेरीस निकाल लागला: गोत्झामानिसला ११ वर्षं, इमानुइलिदिसला साडेआठ, पोलीस अधिकारी निर्दोष. चार महिन्यांनी, २१ एप्रिल १९६७ ला लष्कराने सत्ता बळकावली, आणि त्या राजवटीचे पहिले पंतप्रधान झाले कोलियास, म्हणजे ज्यांच्यावर या तपासात ढवळाढवळ केल्याचा आरोप होता तेच सर्वोच्च सरकारी वकील. सार्त्झेताकिसला १९६८ मध्ये न्यायखात्यातून काढलं, पुढे तुरुंगातही टाकलं. आणि १९८५ मध्ये तोच माणूस ग्रीसचा राष्ट्राध्यक्ष झाला, करामानलिस यांच्या जागी.

सगळ्यांना १९८५ वर पडदा हवा होता. टाळ्या हमखास आहेत, मान्य. पण राष्ट्राध्यक्षपदाचा हार घातला की प्रेक्षक न्याय झाला म्हणून घरी जाणार, आणि निकालाचे आकडे तर वेगळंच सांगतात. म्हणून पडदा १९६६ च्या निकालावर पडतो. अधिकारी पायऱ्या उतरून, टेबलाला वळसा घालून, प्रेक्षकांतून बाहेर जातात. दिग्दर्शकाला यात अजून काहीतरी कमी वाटतंय. पुढच्या नोंदीपर्यंत बदललं तर सांगेन.

राहिला टेम्पो. रंगमंचावर आणायचा नाही, एवढं नक्की. पहिल्यांदा पुठ्ठ्याचा केला होता, तो बघून आमचाच चहावाला हसला. आता अंधार, एक सरकता दिवा आणि आवाज एवढ्यावर भागवायचंय. पण मोबाइलवर मिळतात ते आवाज एकतर रिक्षाचे नाहीतर ट्रकचे. जुन्या तीनचाकी मालवाहू टेम्पोचं इंजिन, चढावर गिअर बदलतानाचं, कुणाकडे ध्वनिमुद्रित असेल किंवा तसा चालू टेम्पो माहीत असेल तर कळवा. रंगीत तालमीआधी हवंय.